उत्तरेच्या भिंतीवरचे कबरस्तान

अबाह, माझे वडील, गेले तेव्हा माकने, म्हणजे माझ्या आईने, जनाजा अंगणाच्या फाटकापर्यंतच पाहिला. पुढे पुरुष गेले. मग तिची इद्दत, म्हणजे विधवेने घरात बसून पाळायची मुदत, सुरू झाली आणि चार महिन्यांहून अधिक काळ ती घराबाहेर पडली नाही. त्यामुळे आपल्या नवऱ्याची कबर तिने पाहिलेलीच नव्हती. आम्ही येऊन सांगायचो, आणि ती दर वेळी तेच विचारायची. ऊन लागतं का तिथं? शेजारी कोण आहे? पाणी साचत नाही ना?

इद्दत संपली तेव्हा रमजान तोंडावर आला होता. रमजानआधीच्या शुक्रवारी आमच्या लोआ बुंगुरमध्ये सगळे गाव कबरस्तानात जाते. गवत काढतात, किटलीने कबरीवर पाणी ओततात, फुलांच्या माळा पाट्यांना घालतात, कुराणातली यासीन वाचतात. माक त्या शुक्रवारसाठी आठवडाभर आधीच फुले सांगून बसली होती. चाफा कुणाकडचा, गुलाब कुणाकडचा, हे ठरले होते. किटली घासून उलटी ठेवली होती. आपण त्या दिवशी पहिल्यांदा तिथे जाणार, असे ती म्हणाली नाही. किटली मात्र तिने दोनदा घासली.

मी त्याच डोंगराखालच्या कोळशाच्या खाणीत काम करते. कोळसा काढणे हे माझे काम नाही. भिंती पाहणे हे माझे काम. उघड्या खाणीची भिंत पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते आणि लांबून अगदी निश्चल दिसते, पण ती निश्चल नसते. पुढची माती काढून घेतली की मागचा डोंगर पुढे झुकू पाहतो, दिवसाला केसाएवढा, कधी त्याहून कमी. त्याला थोपवणे नेहमी आपल्या हातात नसते. तो किती सरकला आणि त्याचा वेग वाढतोय का, एवढे कळले तर खालची माणसे वेळेत बाहेर काढता येतात. समोरच्या काठावर आमचे रडार उभे असते, ते रात्रंदिवस भिंतीचा चेहरा पाहते. जिथे त्याची नजर पोचत नाही तिथे आम्ही जमिनीत सळ्या ठोकतो, भेगेच्या अल्याड एक, पल्याड एक, आणि दोघींमधले अंतर मोजतो.

गावाचे कबरस्तान उत्तरेच्या भिंतीच्या माथ्यावर आहे. खाण तिथवर येईल असे आजोबांच्या पिढीला वाटलेही नसेल. ती आली. कबरस्तान हलवायचे का यावर कंपनी आणि गाव यांची बोलणी दोन वर्षे लोंबकळत होती. अर्धे गाव हो म्हणत होते आणि अर्धे नाही. दरम्यान पावसाळ्यानंतर कबरस्तानाच्या दक्षिणेकडच्या भागात, म्हणजे खाणीच्या बाजूला, एक भेग दिसली. आम्ही सळ्या ठोकल्या. त्या ओळीत अबाह होते.

त्या सोमवारी बोनार ऑफिसात आला तो हसतच. बोनार आमचा सर्व्हेअर. बटाक मुलखातला, सुमात्राचा. त्यांच्याकडे बहिणीला इतो म्हणतात, तसे तो मला म्हणतो.

"इतो, मिठाई काढा. तुमच्या गावची भेग मिटली."

"मिटली म्हणजे?"

"म्हणजे दिसतच नाही. एकदम सपाट."

"अंतर किती आलं?"

तो खुर्ची ओढून बसला. "आत नाही गेलो. म्हातारी माणसं साफसफाई करत होती, सगळी अनवाणी. मी हे चिखलाचे बूट घालून कबरींमधनं नाचू का? त्यात मी पडलो ख्रिस्ती. कुंपणावरनं पाहिलं."

पलीकडच्या टेबलाशी पाक विबिसोनो होते; पाक म्हणजे साहेब, आदराने म्हणायचे. खाणीचे प्रमुख. जावाचे, मृदू बोलणारे, रागावले की अधिकच मृदू. गावच्या सरपंचाचे पत्र त्यांच्यासमोर होते. शुक्रवारी कबरस्तान खुले ठेवावे, एवढेच त्यात लिहिले होते.

"रडार काय म्हणतं, मस्ना?" त्यांनी विचारले.

"शांत आहे."

"भेग मिटली. रडार शांत. मग सही करून टाका. गाव आधीच तापलंय. आपण त्यांना त्यांच्या बापजाद्यांपासून अडवलं, असं नको व्हायला."

"सळ्या मोजल्याशिवाय नाही करणार, पाक."

"मोजा की. पण दुपारच्या आत सांगा. सरपंच दोनदा फोन करून झाले."

मलाही सही करायची होती. घरी घासलेली किटली मी पाहिली होती.

बोनारला बूट काढायला लावून मी बरोबर नेले. कबरस्तान ओळखू येत नव्हते. गवत मुळासकट काढलेले, वाटा झाडलेल्या, जुन्या पाट्यांवरचे शेवाळ खरवडलेले. जुलाक इदर छपरीत बसून विडी ओढत होता. जुलाक म्हणजे बापाचा थोरला भाऊ, इदर हे त्याचे नाव. मी लहान असताना तो नावा बांधायचा, आता कबरींच्या चौकटी करतो.

"काय गं, ओळखलंस का?" तो म्हणाला. "बघ कसं चकचकीत केलंय. तुझी आई येणार म्हणून तुझ्या बापाची ओळ मी स्वतः केली."

"जुलाक, इथं भेग होती."

"होती. भरली."

"कशानं?"

"मातीनं, आणखी कशानं? नदीकाठची आणली, हातगाड्यांनी. वर चोपून दिली. कबरींमधे भोक ठेवायचं का? पाऊस आला की पाणी सरळ मेलेल्यांच्या अंगावर. शोभतं का ते?"

"आणि सळ्या?"

त्याने हनुवटीने दाखवले. छपरीच्या भिंतीला कोयते आणि खुरप्यांच्या रांगेत आमच्या सळ्या उभ्या होत्या, माती पुसून, अगदी नीटनेटक्या.

"बायकांचे सारुंग अडकतात त्यात," जुलाक म्हणाला. "कुणी आडवं पडलं असतं. टाकल्या नाहीत, ठेवल्यात. तुमच्या मालकांना सांग, गावानं चोरल्या नाहीत."

बोनार माझ्याकडे बघेना. हळूच एवढेच म्हणाला, "मिठाई राहू द्या, इतो."

कुणाला बोलणार? त्यांनी भेग प्रेमाने बुजवली होती. दर वर्षी करतात तेच केले होते. रमजानआधी कबर नीट करायची, मग फट दिसली तर बुजवायची आणि लोखंड दिसले तर काढायचे. आणि आम्हाला त्या जागेतून जे काही कळत होते, ते त्या एका सकाळी पुसले गेले होते. महिन्याभराचा हिशेब आता नव्याने सुरू करावा लागणार होता आणि शुक्रवार चार दिवसांवर होता.

मी अबाहांजवळ जाऊन बसले. इतर वेळी बसते तशीच. त्यांची कबर त्या ओळीत सगळ्यांत नवी. आमच्याकडे माणसाला उत्तरेला डोके करून, किब्ल्याकडे, म्हणजे नमाजाच्या दिशेला, तोंड करून ठेवतात. उशाला एक पाटी, पायथ्याला एक, आणि भोवती उलिनच्या, लोखंडासारख्या टणक लाकडाची चौकट. डोके गावाकडे, पाय खाणीकडे. बुजवलेली भेग कबरीला आडवी, साधारण गुडघ्यांच्या अंगाने गेली होती. चौकटीची लांब फळी त्याच जागी दोन तुकड्यांची होती. जुलाकने सांधा घालून, लाकडी खुंटी मारून ती जोडली होती. दफनानंतर लगेच ती मी येऊन पाहिली होती. जुलाकच्या सांध्यात कागद शिरत नसे.

आता त्यात माझी चार बोटे गेली.

मी उठून शेजारची कबर पाहिली. तिचाही सांधा उघडलेला. त्यापुढची तशीच. पायथ्याच्या पाट्या उशाच्या पाट्यांपासून दूर गेल्या होत्या, आणि किंचित खाली. वर चोपलेल्या नव्या मातीतही दोऱ्याएवढी चीर पुन्हा आली होती.

"जुलाक, जरा इकडे या."

तो विडी विझवून आला.

"इथं हात घाला."

त्याने घातला. बराच वेळ काढला नाही.

"लाकूड आक्रसलं असेल," तो म्हणाला.

"उलिन आक्रसतं?"

आयुष्यभर त्याने त्याच लाकडाच्या नावा केल्या होत्या. शेवटी हात बाहेर काढून त्याने तो कमरेच्या सारुंगाला पुसला.

"नाही," तो म्हणाला. "उलिन नाही आक्रसत." मग, "शुक्रवारी येऊ नका म्हणतेस?"

"कुणीच नको."

"तुझी आई?"

"सगळ्यांनाच म्हणतेय मी, जुलाक."

मग मात्र त्याचा आवाज चढला. "खड्डा त्यांनी खणला, आणि अडवायचं आम्हाला! तुझ्या बापानं जन्मभर त्यांचा डंपर चालवला, तू त्यांचा पगार खातेस. त्यांना सांग ना, डोंगर जागेवर ठेवा म्हणावं!"

"खरं आहे. त्यांच्याशी भांडा. माझ्याकडचे सगळे आकडे मी गावाला देते, सभेत उभी राहून सांगते. पण इथं उभं राहून भांडू नका."

बोनारने तोवर मोजपट्टी काढली होती. त्याने ओळीतल्या प्रत्येक कबरीचा सांधा मोजला, खडूने खुणा केल्या. आमच्या सळ्यांपेक्षा त्या चौकटी जास्त बोलत होत्या.

आम्ही ऑफिसात परतल्यावर पाक विबिसोनोंनी सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे कबरींच्या चौकटींवरून मी खाण बंद करायची?"

"भिंतीखालचं काम बंद. बाकीचं चालू दे. पोकलेन आणि डंपर त्या पट्ट्यातून बाहेर, आणि वर कबरस्तान बंद."

"रडार शांत आहे, मस्ना."

"रडारला समोरचा चेहरा दिसतो. पाठ नाही दिसत. पाठीवर काय चाललंय ते आम्ही सळ्यांवरून बघत होतो, त्या उपटल्या गेल्या."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. आमच्याकडे एक नियम आहे, तो त्यांनीच भिंतीवर लावला होता. माणसे बाहेर काढायला कुणाची परवानगी लागत नाही, परत आत सोडायला लागते. तो कागद आता त्यांच्या डोक्याजवळच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही.

"आणि शुक्रवारी काहीच पडलं नाही तर?"

"तर नाही पडलं."

"गाव तुमच्या तोंडावर हसेल. माझ्या नाही. मी इथला नाहीच."

"माहीत आहे."

"मग गावाला तुम्हीच सांगा," ते अगदी मृदू आवाजात म्हणाले, आणि पोकलेन मागे घ्यायला सांगण्यासाठी वॉकीटॉकी उचलला.

माक माजघरात फुले ओवत होती. केळीच्या सोपट्याच्या दोऱ्यात गुलाब, मोगरा, चाफा. मी तिच्यासमोर बसले आणि सरळ सांगितले. उगाच लांबण लावली असती तर तिला मध्येच कळले असते आणि मला पुढे बोलावे लागले असते.

ती ओवतच राहिली.

"लांबून दिसेल?"

"शाळेच्या रस्त्यावरून झाडांचे शेंडे दिसतात. कबर नाही दिसत."

"तू आज आत गेली होतीस ना?"

"मोजायला."

"परत जाणार?"

"दोर बांधून, वाऱ्यासारखं जाऊन यंत्र बसवायचं. पुढे ते लांबून वाचता येतं."

"मग ही एवढी एक माळ..."

"नाही, माक."

तिने माझ्याकडे पाहिले. मी तिला इतक्या सरळ नाही म्हटल्याचे मला आठवत नाही. मी तिथे क्षणभर जास्त थांबावे यासाठी ती माळ कारण झाली असती, आणि मी थांबलेच असते. म्हणून नाही म्हटले. तिला हे सांगितले नाही. तिने दोऱ्याला गाठ मारली.

तेवढ्यात जुलाक आला, मागे दोन-तीन चुलतभाऊ. तो दारातच उभा राहिला.

"आम्ही ठरवलंय," तो म्हणाला. "सहा जण जातो. पहाटे गेलो तर न्याहारीच्या आत भावाला कबरीतून काढून वरच्या बाजूला आणून ठेवतो. इमाम हो म्हणालेत. गडबड नाही, गोंधळ नाही. पोरी, तू फक्त इकडे बघू नकोस."

"मी बघणार," मी म्हणाले. "बघणं हेच काम आहे माझं. सहा माणसं भेगेवर उभी राहून खणणार, आणि मी इकडे बघू नको?"

"तुझा बाप आहे तो!"

तेव्हा माक बोलली. फुलांवरची नजर तिने काढली नाही.

"जुलाक, तुमच्याबरोबरचे पाच कोण?"

त्याने नावे सांगितली.

"सगळ्यांच्या घरी बायका आहेत ना?"

त्याने मान हलवली.

"मी आत्ताच इद्दतीत बसून उठलेय. भिंतीवरची प्रत्येक पाल ओळखीची झालीय माझ्या. अजून सहा घरांत बायका बसवायच्या का, एका मेलेल्या माणसासाठी? त्यांना काही होत नाही आता. चहा घ्या, आणि पोरीला भंडावू नका."

जुलाक बसला. चहा घेतला नाही, पण बसला.

शुक्रवारी गावाने शाळेच्या रस्त्यावर ताडपत्र्या अंथरून यासीन वाचली. पोलिसांचा एक हवालदार आणि आमची पिवळी फीत, त्यापलीकडे रिकामा डोंगर. स्वच्छ ऊन पडले होते. पान हलत नव्हते. काही पडले नाही.

"भिंत झोपली वाटतं," मागून कुणी तरी म्हणाले.

"कंपनीची भिंत ती, शुक्रवारी सुट्टी घेते."

लोक हसले. मीही त्यांच्या जागी हसले असते. एक म्हातारी माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "आईला कबर नाही बघू दिलीस ना? देव बघतोय." माकला ते ऐकू गेले. तिने किटलीतले पाणी रस्त्याच्या कडेला, मातीत ओतले आणि रिकामी किटली घेऊन घरी गेली. जाताना ती माझ्याशी बोलली नाही. रागावली नव्हती बहुतेक. पण मला खात्री नव्हती, आणि विचारायचे धाडस झाले नाही.

बोनारने बसवलेल्या यंत्राचे आकडे रोज येत होते. ते आधी रांगत होते, मग चालू लागले. रमजान सुरू झाला. उपासाच्या दिवसांत गाव दुपारी पेंगते. मला मात्र पडद्यासमोरून उठवत नव्हते. मग रडारलाही दिसू लागले. भिंतीच्या चेहऱ्यावर एक तांबूस डाग आला, तो रुंदावत गेला. पाक विबिसोनोंनी काही न विचारता उरलेला पट्टाही रिकामा करवला आणि माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

एका सकाळी भिंत खाली आली. मोठा आवाज होईल असे वाटले होते, तसा झाला नाही. लांब श्वास सोडल्यासारखा आवाज, मग धूळ. धूळ बसल्यावर दिसले की डोंगराची ती कड उन्मळून पालथी झाली नव्हती. मोठा तुकडा बसल्यासारखा अखंड खाली घसरला होता आणि खालच्या पायऱ्यांवर टेकला होता. तो भेगेच्याही मागून तुटून अबाहांची सगळी ओळ घेऊन आला होता, आणि त्याच्यावर कबरस्तानातली चाफ्याची दोन झाडे उभी होती, जराशी कललेली. खाली कुणी नव्हते. एक दिव्याचा खांब मोडला.

"सगळी माणसं बाहेर," वॉकीटॉकीवर बोनार म्हणाला. मग नियम सोडून, "इतो, तुम्ही ठीक आहात?"

गावातले हसणे थांबले. कुणी माफी मागायला आले नाही आणि मला ते नकोही होते. जुलाक मात्र रोज संध्याकाळी रोजा सोडताना खजूर आणून ठेवायचा आणि दारातूनच परत जायचा.

पुढचा प्रश्न ऑफिसात उभा राहिला. खाली आलेला ढिगारा उपसायचा की तिथेच ठेवायचा? खाली कोळसा होता. पण ढिगारा तसाच राहिला तर तो वरच्या भिंतीला टेकू देतो, हेही आमच्या धंद्यात नेहमीचे. माझे मत ठेवायचे होते. ते मत माझे होते की अबाहांच्या मुलीचे, हे मला वेगळे करता येईना. म्हणून मी आकडेमोडीतून हात काढून घेतला. पाक विबिसोनोंना तसे सांगितले. त्यांनी बोनारला आणि बाहेरच्या एका तज्ज्ञाला ते काम दिले. दोन आठवडे मी बोनारशी जेवताना फक्त जेवणाबद्दल बोलले. तोही मुद्दाम मिरचीचीच चर्चा करायचा.

शेवटी त्यांनी लिहून दिले की ढिगारा हलवू नये. आणि उरलेले वरचे कबरस्तान मागच्या टेकडीवर न्यावे, गाव तयार असेल तर. गाव या वेळी तयार झाले.

मग मी माकला घेऊन समोरच्या काठावर गेले, जिथून आमचे रडार पाहते. तिच्या डोक्यावर पाहुण्यांचे हेल्मेट बसेना, ती ते सारखे सावरत होती. जुलाकही होता. खाली, खाणीच्या पोटात, चाफ्याची दोन झाडे दिसत होती. एकाला पालवी फुटली होती.

"त्यात ते कुठं?" माकने विचारले.

"डावीकडच्या झाडाच्या अलीकडे. असावेत."

"डोकं कुठल्या बाजूला आलं?"

तुकडा घसरताना वळतो. तो किती वळला ते मी काढले होते, पण जमिनीखाली काय झाले ते कुणालाच काढता येत नाही.

"नक्की नाही सांगता येत, माक. किब्ल्यापासून थोडं फिरलं असणार."

जुलाक पुढे झाला. "इमामांना विचारलंय मी. ते म्हणाले, जमिनीनं हलवलं तर त्याचा दोष नाही लागत."

"दोष कसला," माक म्हणाली. ती अजून खाली बघत होती. "झोपेत तरी सरळ कुठं असायचे ते. रात्री मला भिंतीला लावायचे आणि आपण आडवे."

जुलाक आधी हसला, मग त्याने तोंड फिरवले. माकने हेल्मेट काढून माझ्या हातात दिले, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि कठड्याला धरून हळू आवाजात यासीन वाचायला सुरुवात केली. रडारची तबकडी आमच्या मागे एकसारखी फिरत होती. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि वर, उरलेल्या भिंतीकडे पाहत राहिले.